पाठमोरं वाक्य

सोमवार, ४ सप्टेंबर

ताई,

माझं पत्र बघून दचकशील. आधी फोन लावून पाहिला, लागत नाही. तू नंबर बदललास की माझाच बंद करून टाकलास, हे विचारत नाही. पत्ता काकूनं दिला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताईचा पत्ता कुणाकडे असेल गं?" तर तिनं भाजी चिरता चिरता तो तोंडपाठ सांगितला, पिनकोडसकट. काकूला स्वतःच्या माहेरचा फोन नंबर अजून पाठ नाही. मी यावर काही म्हणत नाही, फक्त तुझ्या कानावर घालते.

आता कामाचं. आपल्या छपराचे बोल्ट कुणीतरी सैल करतं आहे.

लगेच "वाऱ्यानं होतात सैल" असं म्हणू नकोस. मीही आधी तेच म्हटलं. गेल्या महिन्यातल्या वादळानंतर अंगणात एक नट सापडला. मग पन्हळीत रबरी वॉशर सापडला. मग पायरीशी दोन नट, गंजलेले, पण आटे साफ. वाऱ्यानं हलून निघालेल्या नटाचे आटे खरवडलेले असतात, हे अण्णांनीच आपल्याला शिकवलं आहे. या नटांवर पान्याचे ताजे चकचकीत ओरखडे आहेत. मी ते सगळे मुरांब्याच्या बरणीत जमवून ठेवले आहेत.

वर चढायचं तर शिडी लागते, आणि शिडी काकांकडे असते.

काकांना काय हवं आहे ते तुला माहीत आहे. घर दोन भागांचं, अ आणि ब, मध्ये ती डोक्याएवढी भिंत आणि दोन्ही भागांवर एकच अखंड छप्पर. त्यांना पत्रे उतरवून वर स्लॅब टाकायचा आहे. त्याला अण्णांची सही लागते, माझी लागते आणि तुझीही लागते. अण्णा म्हणतात, हे पत्रे मी पिंपाच्या कारखान्यातून डोक्यावर वाहून आणलेत, मी मेल्यावर काढा. काका समोर हसून मान डोलावतात आणि पाठ वळली की सुस्कारा सोडतात. अण्णांचे कान कारखान्यानंच नेले, त्यांना सुस्कारा ऐकू येत नाही. मला येतो.

म्हणून स्पष्ट विचारते. काकांनी तुझ्याकडे सही मागितली आहे का? तू दिली आहेस का? दिली असशील तर तसं लिही. मला राग येईल, पण निदान खरं काय ते कळेल.

मी अजून रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेतच आहे. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या आणि कागदावरची नावं ताडून बघायची. काका म्हणतात, "फौजदार, घरी तरी वर्दी उतरवत जा." हसून म्हणतात. पण म्हणतात.

अण्णा बरे आहेत. तुझी आठवण काढतात हे मी लिहिणार नव्हते.

धाकटी

शनिवार, ९ सप्टेंबर

ताई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे, कारण काल जे बघितलं ते शिळं व्हायच्या आत कुणालातरी सांगायला हवं.

दुपारी चारला पाऊस सुरू झाला. तुला आठवत असेल, आपल्या घरात पाऊस आला की बोलणं संपतं. ताटावर ताट आपटावं तसा पत्रा वाजतो आणि शेजारी बसलेल्याला शिंक आली तरी दिसतेच फक्त. एरवी त्या अर्ध्या भिंतीवरून अ भागातला चमचा पडलेला ब भागात कळतो. घरात कुणाला गुपित असं बोलताच येत नाही. त्यामुळे मोठी माणसं गुपितं पावसासाठी राखून ठेवतात. लहानपणी आपण हसायचो त्यावर. आभाळ भरून आलं की काकू हात पुसत काकांना आत बोलवायची, आणि तू म्हणायचीस, "चला, सभा भरली."

तर काल सभा भरली. मी ओट्याजवळच्या स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा डबा काढत होते. खरं सांगायचं तर डबा निमित्त होता. स्टुलावरून भिंतीपलीकडचं दिसतं. काका पाठमोरे होते. काकूचं तोंड दिव्याकडे होतं.

तू मला आधी ओठ वाचायला शिकवलंस, मग अक्षरं. शाळेत जायच्या आधी मी तुझ्या समोर खिडकीच्या काचेपलीकडे बसायचे आणि तू आवाज न काढता म्हणायचीस, "पाणी", "माणूस", "बादली". प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, तिथे मागचंपुढचं बघून ठरवायचं, हे तुझंच वाक्य. शाळेत बाईंनी "वाच" म्हटल्यावर मी पुस्तकाकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, म्हणून पहिल्याच दिवशी कोपऱ्यात उभी राहिले होते.

काकू काल काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत देते. मधलं, म्हणजे काका काय म्हणाले, ते मला दिसलं नाही.

"थोरलीला मी लिहिलंय."

(काका.)

"छपराचं आपण बघू. तिला कळता कामा नये."

(काका बराच वेळ.)

"धाकटीला कळलं तर ती गप्प बसेल होय? तुम्ही वर जाताना बघून जात जा."

यात चूक नाही. मी खात्री करून घेतली आहे, आणि संशय असता तर मी लिहिलंच नसतं. "थोरली" म्हणताना काकू जीभ दातांना लावते ती लांबूनही दिसते.

आज सकाळी मी कामाला निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि छत्री विसरल्याचं निमित्त करून परत आले. काका छपरावर होते. हातात पाना. मला बघून पाना पाठीमागे धरला.

"काय काका, वर काय?"

"पन्हळीत पाला अडकलाय."

"पान्यानं काढताय पाला?"

"अगं, चिकट असतो." मग हसले. "फौजदार, उशीर होईल तुला."

आता तूच सांग.

तू जाताना जे बोललीस ते मला अजून ऐकू येतं. अण्णांकडे पाठ करून बोललीस. आपल्या घरात शिवी दिली तरी समोर तोंड करून देतात. आईनं आयुष्यात एकदाही पाठ फिरवून अण्णांना काही म्हटलं नाही, चिडली तरी आधी त्यांचा खांदा हलवायची आणि मग चिडायची. तू दारात उभी राहून, रस्त्याकडे तोंड करून म्हणालीस, "हे छप्पर उडून गेलं तरी मी या घरात पाऊल टाकणार नाही." मी ऐकलं. भिंतीपलीकडे काका-काकूंनी ऐकलं. ज्याला म्हटलंस त्यानं फक्त तुझी वेणी बघितली.

तेव्हापासून ते मला विचारतात, "जाताना काय म्हणाली?" मी म्हणते, "काही नाही." हे खोटं आहे हे मला माहीत आहे. पण ते वाक्य माझं नाही. ज्याचं आहे त्यानं सांगावं.

काकांनीही ते ऐकलं आहे, म्हणून आज मला भलतंच सुचतं आहे. छप्पर उडालं तरी तू येणार नाहीस हे त्यांना ठाऊक आहे. मग उडवायला त्यांना भीती कसली?

धाकटी

रविवार, १७ सप्टेंबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी. "मी कशावरही सही केलेली नाही. बोल्टांचं काकांनाच विचार. अण्णांना माझ्याबद्दल काही सांगू नकोस. तब्येत जप."

बरं वाटलं. मग पाकीट बघितलं. घराच्या नंबरापुढे तू आधी "अ" लिहिलास आणि मग त्याचा "ब" केलास. अ म्हणजे काकांचा भाग. ताई, मी दिवसभर चिठ्ठ्याच बघते. हाताला ज्याची सवय असते तेच आधी लिहिलं जातं. म्हणजे अ भागात तुझी पत्रं येतात. किती आणि कधीपासून, हे मी विचारत नाही. पण मग माझ्याशी चार ओळी का?

आणि तू "काकांनाच विचार" लिहिलंस. "काकांवर लक्ष ठेव" असं नाही लिहिलंस. का, हे कळलं तर बरं होईल.

मी मात्र लक्ष ठेवलं. गेल्या रविवारी गाद्या वाळत टाकायच्या म्हणून काकांकडून शिडी मागून घेतली. "गाद्या छपरावर?" ते म्हणाले. "अंगणात ऊन कमी पडतं," मी म्हटलं. वर चढून सगळे बोल्ट तपासले, सैल होते ते आवळले आणि प्रयोगशाळेतल्या काळ्या पेननं प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटेल. ते पेन पाण्यानं जात नाही.

आज पुन्हा चढले. रेघा तुटल्या आहेत. पण सगळ्या सारख्या नाही, आणि तेच मला कळत नाही. काही नट सैल केले आहेत. काही मी आवळले होते त्याहून पुढे आवळले आहेत, इतके की खालचा वॉशर चेपला आहे. वॉशर चेपला की तिथून पाणी गळतं, म्हणजे हाही एक मार्ग असावा. काही सोडवायचे, काही इतके आवळायचे की घर गळायला लागेल. माझ्या खाटेवरच्या पत्र्याची एकही रेघ तुटलेली नाही. बहुधा मला संशय येऊ नये म्हणून. माणूस इतका विचार करून वागतो म्हणजे त्याच्या मनात नक्की काहीतरी आहे.

अण्णांना सांगू शकत नाही. भावाबद्दल काय सांगायचं, आणि तेही पुरावा पुरता नसताना. पण त्यांचीही काळजी वाटते. आठवतं ना, वादळात ते मधल्या लोखंडी खांबाला तळवा लावून बसायचे. कानानं नाही तर हातानं छप्पर ऐकायचे. "तिसरा पत्रा बोलतोय," म्हणायचे, आणि पाऊस थांबला की बरोबर तिसऱ्या पत्र्याचा बोल्ट सैल निघायचा. काल वारा सुटला तेव्हा त्यांनी तसाच तळवा लावला. पत्रे थडथडत होते, मला दातांत कळत होतं. मी समोर जाऊन विचारलं, "अण्णा, काय म्हणतंय छप्पर?"

"ठीक आहे," ते म्हणाले. "घट्ट आहे."

त्यांचा तळवाही आता बधिर झाला आहे, ताई. हे लिहिताना मला वाईट वाटलं.

मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी नेहमीचं उत्तर दिलं. या वेळी ते हसले. लहान मूल आपल्याला न सांगता काहीतरी लपवून ठेवतं आणि हसतं, तसं.

एक सांगायचं राहिलं आहे. कानाच्या मशीनचं. तुला वाटतं त्यांनी मुद्दाम टाकून दिलं. तू डॉक्टरांच्या दारात उभी राहून, रजा टाकून, ते मिळवलंस, आणि त्यांनी एका दिवसात पाण्याच्या बादलीत सोडलं. मी त्या दिवशी घरात होते, तू नव्हतीस. सकाळभर ते खूश होते. नळाचा आवाज ऐकायला दोनदा मोरीत गेले. काकू भिंतीपलीकडून खोकली तर म्हणाले, "हिला बरं नाही का?" मग पाऊस आला. आपल्यालाच तो सहन होत नाही, त्यांच्या कानात तर थेट ओतला गेला. त्यांनी कानावर हात दाबले, म्हणजे मशीन अजून आत गेलं. तोंडानं म्हणाले, "कारखाना आला, कारखाना आला." आणि ते काढून बादलीत टाकलं. तू संध्याकाळी आलीस, बादलीत बघितलंस आणि एवढंच विचारलंस, "मुद्दाम केलंत ना?" तू विचारत होतीस, मुद्दाम बिघडवलंत का; त्यांना वाटलं, मुद्दाम कानातून काढलंत का. ते म्हणाले, "हो."

हे मी तेव्हाच तुला सांगायला हवं होतं असं तू म्हणशील. तू सांगू दिलं नाहीस. तेव्हाही तुझी पाठच होती.

हवामानवाले पुढच्या आठवड्यात मोठं वादळ सांगतात. मी काकांना विचारणार नाही. रंगेहाथ पकडणार आहे.

धाकटी

मंगळवार, २६ सप्टेंबर

ताई,

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे. आधी हे: सगळे सुखरूप आहेत.

आज वादळाच्या इशाऱ्यामुळे प्रयोगशाळा दुपारीच बंद केली. मी रिक्षा न करता मागच्या गल्लीनं आले, म्हणजे काकांना चाहूल लागू नये. आभाळ काळंभोर, वारा असा की समोरच्या दुकानाचा फलक आडवा झाला होता. शिडी आपल्या भिंतीला लावलेली. खालून मला फक्त पत्र्याच्या कडेवर टेकलेला एक पाय दिसला आणि पाना फिरवल्याचा आवाज आला.

मी ओरडले, "काका, खाली उतरा. मी बघितलंय तुम्हाला."

आणि काका अ भागाच्या दारातून बाहेर आले. बनियनवर, अर्ध्या गालाला दाढीचा साबण.

"कुणाला ओरडतेस?"

आम्ही दोघं वर बघत राहिलो. काकांच्या हातातला वस्तरा खाली गेला. ते हळूच म्हणाले, "अरे देवा. दादा."

अण्णा होते वर, ताई. गुडघा धरून पायरी चढणारे अण्णा.

हाक मारून उपयोग नव्हता. तू समजशील. आपल्या माणसाला छपरावरून खाली बोलवायचं तर कुणीतरी वर जाऊन त्याच्या समोर तोंड न्यायला हवं. पत्रा हलवला असता तर दचकून पडले असते. काकांनी शिडी धरली. "चप्पल काढ," म्हणाले. "बोल्टांच्या ओळीवरून चाल, मध्ये पाय देऊ नकोस, तिथे खाली आधार नाही." मी चढले. वाऱ्यानं ओढणी तोंडावर आली, ती काढून खाली टाकली. अण्णा कडेला बसून एकेक नट सोडवत होते आणि खिशात टाकत होते. खिसा फाटका. नट घरंगळून पन्हळीत जात होते. मी वाकडी होत होत त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले.

त्यांनी वर बघितलं. चेहरा आधी उजळला, मग नेहमीसारखा झाला.

"तू होय," ते म्हणाले. "मला वाटलं, थोरली."

"अण्णा, हे काय करताय?"

"मोकळं करतोय."

"कशाला?"

"आज वारा चांगला आहे. आज जाईल."

"अण्णा, छप्पर जाईल."

"तेच तर." त्यांनी पाना पुढच्या नटाला लावला. "छप्पर उडालं तर धावत येईन म्हणाली ना ती."

मी विचारलं, कोण म्हणालं असं. तोंड नीट उघडून, दोनदा विचारलं.

"तुझ्या काकूनं सांगितलं. पावसात." ते माझ्याकडे रागानं नाही, पण नीट बघत म्हणाले, "तू सांगितलं नाहीस. तू आपली 'काही नाही, काही नाही.' काही न बोलता कुणी घर सोडून जातं का? मला कान नाहीत, अक्कल आहे."

"मग सगळेच का नाही काढले?"

"तुझ्या खाटेवरच्या पत्र्याला हात लावलेला नाही मी," ते म्हणाले. "तू झोपतेस तिथे. माझ्या खुर्चीवरचाच काढतोय. एक गेला तरी छप्पर उडालं असंच म्हणतात लोक."

मी त्यांच्या हातातून पाना घेतला नाही. मी म्हटलं, "अण्णा, मला उतरायची भीती वाटते. तुम्ही पुढे व्हा." हे खोटं नव्हतं. ते लगेच उठले. मुलीला भीती वाटते म्हटल्यावर गुडघा विसरले. खाली काकांनी त्यांना कमरेला धरून उतरवलं आणि जमिनीवर पाय टेकल्यावर समोर उभं राहून, साबणाच्या तोंडानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "दादा, तुला वेड लागलंय."

"तुझी दाढी अर्धी राहिलीय," अण्णा म्हणाले.

मग काकांनी मला सांगितलं. ते वर चढायचे ते अण्णांनी सैल केलेलं पुन्हा आवळायला. उन्हाळ्यात एकदा त्यांनी अण्णांना वर बघितलं, समजूत घातली, अण्णांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढले. काकांना कारण कळलं नव्हतं. म्हातारपणाचा चाळा समजून त्यांनी रोज मागून आवळायचं ठरवलं, जास्तच आवळायचे. शिडी लपवली तर अण्णा पाण्याच्या टाकीवरून चढले असते, म्हणून शिडीच बाहेर ठेवली. "तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" ते म्हणाले. "दादाला तू समोर बसवून जाब विचारला असतास. फौजदार." या वेळी हसले नाहीत.

कारण सांगू शकत होती ती फक्त काकू, आणि तेही तिला आजच उमगलं. ती दारात उभी होती. पावसाचे थेंब सुरू झाले होते, तरी तिचा आवाज अजून ऐकू येत होता.

"रोज विचारायचे मला," ती म्हणाली. "तू कामाला गेलीस की त्या भिंतीवरून डोकं काढून विचारायचे. काय म्हणाली माझी पोर? मी काय सांगू? जे म्हणाली ते सांगू? तूच सांग, तू सांगितलं असतंस?"

"नाही," मी म्हटलं.

"मग. मी म्हटलं, अहो भाऊजी, या घरावर काही संकट आलं, छप्परबिप्पर उडालं, तर धावत येईन म्हणाली. तोंडात छप्पर होतंच, म्हणून तेच निघालं. एकदाच खोटं बोलले. मला काय माहीत, ते पाना घेऊन वर चढतील." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आणि तेव्हापासून लिहितेय तिला, ये म्हणून. नुसतं चेहरा दाखवून जा म्हणून."

अ भागात येणारी तुझी पत्रं ती याचीच उत्तरं, ताई. सही नव्हती, स्लॅब नव्हता. काकूनं तुझ्या तोंडी एक वाक्य घातलं आणि ते खरं व्हावं म्हणून तुझ्या मागे लागली. तू तिला काय उत्तरं दिलीस ते मी विचारलं नाही.

मी इतके दिवस काकांवर जे जे लिहिलं ते तू वाचलं आहेस. ते परत घेता येत नाही. एवढंच लिहिते की पावसात मला अर्धंच संभाषण दिसत होतं आणि उरलेलं अर्धं मी घरी बसून पुरं केलं.

काका आणि मी वर जाऊन आवळता येतील तेवढे बोल्ट आवळले. माझ्या खुणा बघून काका म्हणाले, "या काळ्या रेघा तुझ्या होय? मला वाटलं गंजाची काहीतरी नवीन जात आली." अण्णांनी त्यांच्या खुर्चीवरच्या पत्र्याचे बोल्ट पुरते काढले होते, नट घरंगळून गेले होते आणि तेवढ्यात वारा आम्हाला उभं राहू देईना. मी बरणीतले नट आणायला उतरले, तर काका म्हणाले, "राहू दे, आता वर जायचं नाही." सगळे अ भागात बसलो, दिव्याभोवती, तोंडं एकमेकांकडे करून. अण्णा मधल्या खांबाला तळवा लावून होते. एकदम त्यांनी हात उचलला. आम्हाला नंतर आवाज आला.

त्यांचा तळवा बधिर झालेला नाही. ते माझ्या तोंडावर खोटं बोलत होते.

धाकटी

रविवार, १ ऑक्टोबर

ताई,

एक पत्रा उडाला आहे. जे झालं तेवढंच लिहिते. सगळं छप्पर नाही, अण्णांच्या खुर्चीवरचा एक पत्रा. मागच्या गल्लीत शिंप्याच्या भिंतीला दुमडून पडला होता. कुणाला लागलं नाही. शिंपी म्हणाला, "परत हवाय का? नाहीतर कोंबड्यांना छान होईल." काकांनी त्याला देऊन टाकला.

नवा पत्रा काकांनी दुसऱ्याच दिवशी आणला. तो भिंतीला टेकवून ठेवला आहे, कारण अण्णा तो बसवू देत नाहीत. "ती बघेल ना आधी," म्हणतात. "बघितल्याशिवाय कशी म्हणेल उडालं?" दिवसभर खुर्ची सरकवून त्या चौकोनाखाली बसतात, दाराकडे तोंड करून. ऊन आलं की उन्हात, भुरभुर आली की अंगावर टॉवेल घेऊन. काकूनं छत्री आणून दिली तर जेवायला उठताना ती उघडून खुर्चीवर ठेवली, खुर्ची भिजू नये म्हणून. काका संतापले, मग हसले, मग आत गेले. हवामानवाले शुक्रवारी पुन्हा वारा सांगतात. एक पत्रा नसला की वारा आत शिरतो आणि बाकीचे खालून उचलतो, हे तुला सांगायला नको. शुक्रवारच्या आधी तो बसायला हवा.

मी त्यांना खरं सांगू शकले असते. काल त्यांच्या समोर जाऊन बसलेही. तोंड उघडलं. ते इतक्या लक्ष देऊन माझ्या ओठांकडे बघत होते, की मी म्हटलं, "चहा घेता का?"

मशीनचं मात्र सांगितलं. तू "मुद्दाम केलंत ना" म्हणजे काय विचारलं होतंस ते. त्यांनी अंगावरचा टॉवेल काढून घडी घातली. मग म्हणाले, "तसं विचारलं होतं होय. मग मी नाही म्हटलं असतं." आणि थोड्या वेळानं, "लिही तिला, नाही म्हणाले म्हणून." म्हणून लिहिते. ते नाही म्हणाले.

तुला ये असं मी म्हणणार नाही. ते काकूनं म्हणून झालं आहे, आणि कुणाला ओढून आणणं मला जमत नाही. येणार नसशील तरी तेही इथे येऊन सांग. दारात उभी राहा आणि जे म्हणायचं ते त्यांच्याकडे बघून म्हण. जुनंच वाक्य म्हणायचं असेल तर जुनंच. पाठमोरं बोललेलं आपल्या घरात धरत नाहीत. त्यामुळे माझ्या हिशेबी तू अजून काहीच बोललेली नाहीस. काकूनं जे सांगितलं ते खोटं होतं की नुसतं आधी सांगितलं गेलं, हे मला ठरवता येत नाही. ते आता फक्त तुला येतं.

दारातला दिवा बरेच दिवस गेला होता. मी काल नवा लावला, जरा जास्त उजेडाचा, आणि थोडा खाली. दोनदा स्वतः उभी राहून बघितलं आणि काकूला खुर्चीत बसवून विचारलं. तिथून आता येणाऱ्याचे ओठ स्पष्ट दिसतात.

धाकटी